खिंड पाहिल्याची तारीख

त्या कागदावर सही करू नकोस, असं मी सोनुनबूला सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं. कागद साहेबांनी टाइप करून आणला होता, चार ओळींचा. 'माझ्या हलगर्जीपणामुळे संकेतस्थळावर खिंडीची चुकीची तारीख राहिली व त्यामुळे ट्रकचालकास इजा झाली.' खाली तिचं नाव, हुद्दा आणि सहीसाठी रेघ. सही केली तर नोकरी जाणार, आणि ट्रकवाल्या शाइलोच्या गेलेल्या दोन बोटांचा दोष कायमचा तिच्या माथी. नाही केली तर राजधानीहून चौकशी.

"येऊ दे चौकशी," ती म्हणाली आणि तो कागद चहाच्या किटलीखाली सरकवला. किटली गरम होती. कागदावर गोल डाग पडला.

मी आक-काप्का खिंडीत एकतीस वर्षं ग्रेडर, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ पात्याने सारणारी गाडी, चालवला. आता निवृत्त आहे. सोनुनबूला सत्तावीस वर्षं ओळखतो. ती आमच्या रस्ता विभागात लागली तेव्हा वायरलेसवर बसायची. खिंडीच्या पायथ्याशी आमची चौकी आहे, दोन खोल्या आणि एक शेगडी. तिथून आम्ही वर काय पाहिलं ते वायरलेसवर सांगायचो, आणि खाली चोलोक-सू गावातल्या ऑफिसात ती लिहून घ्यायची. आवाज बारीक, पण प्रश्न खडूस.

"खुली आहे म्हणजे कुठवर गेलात?"

"वरपर्यंत."

"माथ्यापर्यंत की माथ्याच्या वळणापर्यंत?"

"वळणापर्यंत."

"मग तसं सांगा ना, बायके. वळणाच्या पुढे काय तुमचा ग्रेडर स्वप्नात गेला?"

आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला बायके म्हणतात आणि थोरल्या बाईला एजे. त्या वयात तिने मला बायके म्हणून झाडलं, आणि मी दुसऱ्या दिवशी वळणाच्या पुढे गेलो. राग आला होता. पण तिचं बरोबर होतं.

चौकीच्या भिंतीवर एक फळा आहे. काळा, फळकुटाचा, माझ्याही आधीचा. त्याचा एकच नियम. जो वर जाऊन आला त्यानेच खडू धरायचा. तारीख, तास, आणि खिंड कशी आहे ते. दुसऱ्याने सांगितलं म्हणून लिहायचं नाही. आभाळ पाहून लिहायचं नाही. साहेब आले तरी त्यांनी खडूला हात लावायचा नाही. कुणी वर गेलंच नाही तर फळ्यावर जुनी तारीख तशीच राहते, आणि ती जुनी आहे हीच बातमी असते. चौकीवर थांबणारा कुठलाही ड्रायव्हर आधी तारीख वाचायचा, मग 'खुली' की 'बंद'.

त्या एका तारखेला काय लागतं ते सांगतो. चौकी ते माथा चौदा किलोमीटर चढ, तेवढाच उतार. बर्फ नसेल तर दीड तास. बर्फ असेल तर साडेतीन ते पाच. पातं खाली-वर करून खांदे भरून येतात. तीन ठिकाणी उतरून पायी जायचं, वरच्या कड्यावर बर्फ किती लोंबतोय ते पाहायचं. मग खाली येऊन, हातमोजा काढून, दोन आकडे लिहायचे.

आठ वर्षांपूर्वी विभागाने वेबसाइट केली. वायरलेस बंद पडला, चौकीवर फोन आला, आणि सोनुनबूच्या टेबलावर कॉम्प्युटर. ती तेव्हा सत्तेचाळीसची. सगळे धरून चालले की ती सोडून जाईल. ती गेली नाही. दोरीला बांधलेला चष्मा नाकावर चढवून, एका बोटाने टाइप करत, तिने खिंडीचं पान सांभाळायला घेतलं. पान म्हणजे काय, तोच फळा. 'खिंड: खुली. पाहिली: अमुक तारीख, अमुक वाजता. पाहणारा: मुकाश.' मुकाश माझ्या जागी आलेला ग्रेडरवाला.

त्या पानात आणखी एक तारीख असते, माणसाला न दिसणारी. ती यंत्रासाठी. आमच्या खिंडीतून जाणाऱ्या ड्रायव्हरांचा फोनवर एक ग्रुप आहे आणि त्यात एक आपोआप चालणारा प्रोग्राम. त्याला सगळे निरोप्या म्हणतात. ड्रायव्हरने विचारलं, 'आक-काप्का?' की निरोप्या पान वाचतो आणि सांगतो, खुली की बंद, आणि बातमी कधीची. ती 'कधीची' तो त्या लपलेल्या तारखेवरून काढतो. माणसाला 'परवा सकाळी' चालतं. यंत्राला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग तास, आणि शेवटी आपल्या देशाचं घड्याळ किती पुढे आहे ते, असं ओळीने लागतं.

पहिल्या वर्षी सोनुनबूने ऑफिसच्या सवयीने आधी दिवस लिहिला, मग महिना. तीन एप्रिल लिहिला तो निरोप्याने चार मार्च वाचला. बातमी महिन्याची जुनी म्हणून दोन ट्रक चौकीखाली दिवसभर उभे राहिले. तिने त्या दोन्ही ड्रायव्हरांना फोन करून माफी मागितली, आणि नियम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवला. पुन्हा चूक झाली नाही. सात वर्षांत एकदाही नाही. ती रोज सकाळी चौकीला फोन लावायची, मुकाशने सांगितलेलं त्यालाच परत वाचून दाखवायची, आणि तो 'हो' म्हणाल्यावरच तारीख बदलायची. वीस मिनिटं लागायची. तो वर गेला नसेल तर फोन ठेवून द्यायची आणि पानाला हात लावायची नाही.

मग एर्मेक तुरगुनोविच साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण वर कधी गेलेला नव्हता. राजधानीत एक नवी पद्धत निघाली होती. सगळ्या ऑफिसांच्या वेबसाइटी तिकडचं एक यंत्र तपासतं, आणि ज्या पानाची लपलेली तारीख तीन दिवसांपेक्षा जुनी त्याला लाल खूण. जानेवारीत खिंड नऊ दिवस बंद होती, वर कुणी जाऊच शकत नव्हतं, तेव्हा आमचं पान सहा दिवस लाल होतं. साहेबांना भर बैठकीत उभं करून विचारलं गेलं.

परत आले त्या दिवशी मी ऑफिसात होतो. मंगळवारी मी तिथे चहाला जातो.

"एजे, रोज तारीख बदलत जा," साहेब म्हणाले.

"काय बदललं म्हणून?"

"तारीख."

"तारीख बदलली म्हणून तारीख बदलायची?"

"अहो, लोकांना वाटायला हवं की ऑफिस जागं आहे."

"ऑफिस जागं आहे हो. खिंड झोपलेली आहे. तिला कोण उठवणार, तुम्ही?"

मी चहा प्यायलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"बायके, तुम्ही तरी समजवा. एक आकडा आहे. बोट हलवायचं फक्त."

"साहेब," मी म्हणालो, "त्या आकड्यासाठी मी एकतीस वर्षं बोट नाही, ढुंगण हलवलंय."

ते गेले. पण गप्प बसले नाहीत. राजधानीतल्या एका वेबसाइटवाल्याला काम दिलं. त्याने नवं पान केलं. वर डोंगराचं चित्र, खाली साहेबांचा फोटो. 'पाहिली' आणि 'पाहणारा' या ओळी काढून टाकल्या, कारण त्या चांगल्या दिसत नव्हत्या. आणि लपलेल्या तारखेच्या जागी असं बसवलं की पान उघडलं की त्या क्षणाची तारीख आपोआप छापली जाईल. कुणीही, कधीही उघडो, बातमी आत्ताची. लाल खूण कायमची गेली. बैठकीत साहेबांचं कौतुक झालं.

सोनुनबूने ते दुसऱ्याच दिवशी पकडलं. तिने ती ओळ काढली. त्यांनी परत घातली. तिने परत काढली. मग त्यांनी तिचा पासवर्ड बदलला आणि तिला एक वेगळा दिला, ज्याने फक्त 'खुली' आणि 'बंद' एवढंच बदलता येत होतं. तारखेला हात लावायचा हक्क गेला. पानाच्या तळाशी मात्र तेच राहिलं: 'माहितीची जबाबदारी: सोनुनबू इसाकोवा.'

तिने लेखी तक्रार दिली. अर्ध्या पानाची. 'तारीख म्हणजे कुणीतरी वर जाऊन आल्याचा पुरावा आहे. तो यंत्राला देता येणार नाही. माझं नाव तरी काढा.' साहेबांनी ती फाइलला लावली. नाव काढलं नाही. नाव काढलं असतं तर दुसऱ्या कुणाचं घालावं लागलं असतं.

आता पुढचं सांगताना मला अजून राग येतो, म्हणून थोडक्यात सांगतो.

एकोणीस मार्चला मुकाश वर जाऊन आला. खिंड खुली होती. फळ्यावर लिहिलं, फोन केला, सोनुनबूने पानावर 'खुली' केलं. वीसला दुपारी बर्फ सुरू झाला. एकवीसला नोरूझ, वसंतातला नव्या वर्षाचा सण. आमच्याकडे नोरूझला रस्त्याची माणसंसुद्धा घरी असतात. मोठ्या कढईत गव्हाच्या अंकुरांचं सुमोलोक शिजतं, ते सतत ढवळावं लागतं आणि गल्लीतल्या प्रत्येक घराने पाळीपाळीने ढवळायचं असतं. बर्फ पडत होता, गाडी वर नेण्यात अर्थ नव्हता, तेव्हा मुकाश गावात आला. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय आणि त्याचा त्रास कधी कुणाला झाला नाही, कारण फळा जुनी तारीख दाखवत राहायचा. जुनी तारीख वाचून ड्रायव्हर खालीच थांबायचे. त्यांच्याही घरी नोरूझ असायचा.

तेवीसला सकाळी शाइलो पलीकडून, दक्षिणेच्या बाजूने, कांदे भरून निघाला. त्या बाजूला ना चौकी ना फळा. त्याने निरोप्याला विचारलं. निरोप्या म्हणाला, 'आक-काप्का खुली. बातमी आजची, आठ वाजून चार मिनिटांची.' आठ वाजून चार मिनिटांनी खिंडीत कोल्हासुद्धा नव्हता. शाइलो चढला. माथ्याच्या थोडं आधी बर्फाचा लोट रस्त्यावर आला होता, त्यात ट्रक अडकला. मागे वळायला गेला तर मागेही बर्फ कोसळला. चाळीस तास तो केबिनमध्ये होता. डिझेल संपल्यावर हीटर बंद पडला. दार उघडायला उजव्या हाताने बर्फ खणत राहिला.

शाइलो पोचलाच नाही हे कळल्यावर मुकाशने ग्रेडर काढला तेव्हा मी त्याच्याबरोबर गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. सहा तास पात्याने आणि शेवटची दोनशे पावलं फावड्याने. त्या वयात फावडं मारणं काय असतं ते माझ्या पाठीला विचारा. शाइलोला बाहेर काढला तेव्हा त्याने पहिलं काय विचारलं ठाऊक आहे?

"बायके, आजची बातमी होती ना?"

उजव्या हाताची दोन बोटं दवाखान्यात काढावी लागली.

आणि मग तो चार ओळींचा कागद आला.

चौकशी एप्रिलच्या दोन तारखेला बसली. राजधानीहून तिघे आले, त्यांत मुख्य एक बाई, पन्नाशीच्या, थकलेल्या चेहऱ्याच्या. आदल्या दिवशी सोनुनबू माझ्या घरी आली होती. चहा घेतला नाही. म्हणाली, "बायके, फळा आणाल?"

एकोणीसनंतर फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. खणून आल्यावर मुकाश लिहायला गेला होता, पण मी त्याला थांबवलं. राहू दे म्हटलं. पुढचे दिवस तो वहीत लिहीत होता. फळा भिंतीतून काढायला मला पाऊण तास लागला, चार जुने खिळे, गंजलेले. खडू पुसला जाऊ नये म्हणून तो आडवा, तोंड वर करून, मांडीवर घेऊन बसलो. मुकाश गाडी चालवत होता.

"बायके, फळा असा धरलाय जसं पहिलं नातवंड."

"समोर बघ. खड्डा आहे."

"खड्डा जुना आहे. तुमच्याच वेळचा."

"म्हणून सांगतोय."

सभागृहात साहेब टाय लावून बसले होते. सोनुनबू समोर, चष्मा गळ्यात. साहेबांनीच सुरुवात केली. संकेतस्थळाची जबाबदारी लेखी तिची आहे, पानावर तिचं नाव आहे, वयोमानाने तिला नवी पद्धत जड जाते, ऑफिसने समजून घेतलं, पण शेवटी माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज खाली आला. मला उठून त्यांच्या टायला हात घालावासा वाटला. मुकाशने माझी बाही धरली.

"तुमचं काय म्हणणं?" बाईंनी सोनुनबूला विचारलं.

"माझं म्हणणं नंतर. आधी हा फळा बघा."

मी फळा टेबलावर ठेवला. एकोणीस मार्च, नऊ वाजून चाळीस. खुली. मुकाश.

"शाइलो निघाला त्याआधी खिंड शेवटची पाहिली ती तेव्हा," सोनुनबू म्हणाली. "आता तुमच्या कॉम्प्युटरवर आमचं पान उघडा. यंत्र वाचतं ती तारीख काढा. तुमच्याबरोबरच्यांना येईल ते."

बाईंच्या शेजारच्या माणसाने उघडलं. पानाचा आतला मजकूर काढला. वाचून दाखवलं. दोन एप्रिल, अकरा वाजून बावीस मिनिटं.

सोनुनबूने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. बोटं पसरून.

"हे माझे हात. आता पुन्हा उघडा."

त्याने पुन्हा उघडलं. अकरा वाजून तेवीस.

"पुन्हा."

अकरा तेवीस. मग चोवीस.

"आता मला सांगा," ती म्हणाली, आवाज वर न करता, "या तीन मिनिटांत खिंडीत कोण जाऊन आलं? मुकाश इथे बसलाय. बायके इथे उभे आहेत. साहेब, तुम्ही गेला होतात का?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला.

"ही तांत्रिक बाब आहे," ते म्हणाले.

"तांत्रिक नाही. ही ओळ मी दोनदा काढली. दोनदा कुणीतरी परत घातली. मग माझी पासवर्डची किल्ली काढून घेतली आणि नाव तेवढं ठेवलं. तक्रार फाइलला आहे, सात फेब्रुवारीची. फाइल आणवा."

फाइल आली. बाईंनी तक्रार वाचली. दोनदा वाचली असं मला वाटलं. मग साहेबांकडे न बघता विचारलं, "ही पद्धत का केली?"

"लाल खूण येत होती," साहेब म्हणाले.

बाईंनी मान खाली घातली. लाल खुणेची पद्धत त्यांच्याच ऑफिसची होती.

निकाल काय लागला ते लिहायला माझा हात वळत नाही, पण लिहितो. अहवालात लिहिलं: 'तांत्रिक त्रुटी.' साहेबांना तोंडी समज. वेबसाइटवाल्याचं नावच नाही. 'तांत्रिक त्रुटी' म्हणजे कुणाचाच हात नव्हता. होता ना हात. फोटो लावणारा होता, ओळ घालणारा होता, किल्ली काढून घेणारा होता. बोटं गेली ती मात्र शाइलोची, आणि त्याला अहवालाची प्रतसुद्धा मिळाली नाही. मी दोनदा मागितली.

सोनुनबूवरचा दोष गेला. बाईंनी चार ओळींचा तो कागद हातात घेतला, किटलीचा डाग पाहिला आणि फाडला.

"आता झालं ना समाधान?" त्यांनी विचारलं. समजुतीच्या सुरात.

"नाही. किल्ली परत द्या. आणि 'पाहिली' आणि 'पाहणारा' या ओळी परत."

"पुन्हा लाल होईल हो तुमचं पान. मी ते थांबवू शकत नाही."

"होऊ दे लाल."

"विभागाचे गुण जातील. तुमचा बोनस त्यावर असतो."

"माहीत आहे."

किल्ली त्याच दिवशी मिळाली. तिने खुर्चीत बसून, चष्मा चढवून, एका बोटाने आधी ती आपोआप तारीख घालणारी ओळ काढली. मग मुकाशला विचारलं, वर कधी गेला होतास. तो तिच्या समोरच उभा होता, तरी तिने विचारलं.

"एकतीस मार्चला, एजे. दहा वाजता."

"कुठवर?"

"माथ्यापर्यंत. पलीकडे उतरलो नाही."

"पलीकडे कसं आहे?"

"पाहिलं नाही."

तिने तसंच लिहिलं. 'अलीकडची बाजू खुली. पलीकडची पाहिलेली नाही.' आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग तास. वाचून दाखवलं. मुकाश 'हो' म्हणाला. तेव्हा तिने ते पाठवलं.

फळा मी परत भिंतीवर ठोकला, नव्या खिळ्यांनी.

मे महिन्यात शाइलो ऑफिसात आला, डाव्या हातात बोरसोकची पिशवी घेऊन. त्याच्या आईने ते कणकेचे गोळे तळून दिले होते. सोनुनबूने त्याला चहा दिला. कप तो डाव्या हातानेच धरत होता, अजून सवय नव्हती, थोडा सांडला. त्याने फोन काढून निरोप्याला विचारलं. निरोप्या म्हणाला, 'बंद. बातमी चार दिवसांची जुनी.'

"चार दिवसांची जुनी, एजे," तो म्हणाला.

"हो. चार दिवस वर पाऊस आणि दरड आहे. कुणी गेलेलं नाही."

"मग मी थांबतो."

तो तीन दिवस तिच्या भावाच्या घरी थांबला. पान तोवर लालच होतं. चौथ्या दिवशी मुकाश वर गेला.